एकसारखे दोन रिक्लायनर, एकाची किंमत तिप्पट का?

फर्निचरच्या दुकानात दोन रिक्लायनर शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्ही तपकिरी, दोन्हींवर ‘लेदर’ची चिठ्ठी, दोन्हींचे हात गुबगुबीत. कळ दाबली की दोन्हींची पाठ मागे रेलते आणि पायांखाली फूटरेस्ट वर येते. आई-बाबा आळीपाळीने दोन्हींवर बसून पाहतात आणि दोन्ही छान आहेत म्हणतात. मग चिठ्ठी उलटून पाहिली जाते. समजा, एकाची किंमत 32 हजार आहे आणि दुसऱ्याची 96 हजार. विक्रेत्याला कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: “साहेब, क्वालिटीचा फरक आहे.”

हा फरक असतो कुठे? डोळ्यांना दिसत नाही, पाच मिनिटं बसून कळत नाही, आणि तरी 64 हजार रुपये जास्त मागितले जातात. काही वेळा ही मागणी अगदी रास्त असते, तर काही वेळा त्यातला मोठा भाग नावाचा आणि शोरूमच्या भाड्याचा असतो. कोणत्या वेळी काय आहे, हे ओळखण्यासाठी खुर्ची आतून कशी असते ते कळायला हवं. रिक्लायनरचे मुख्य भाग पाच: वरचं आवरण, आतला फोम, लाकडी सांगाडा, हालचालीची लोखंडी यंत्रणा आणि मोटर. यांतला फक्त पहिला भाग दुकानात दिसतो. बाकीचे चार दोन-तीन वर्षांनी घरी आपली ओळख करून देतात.

रेलल्यावर बरं का वाटतं?

आधी खुर्चीचं मूळ काम समजून घेऊ. आपल्या पाठीच्या मणक्यांमध्ये चकत्या असतात आणि शरीराच्या वरच्या भागाचा भार त्यांच्यावर येतो. अल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी 1960च्या दशकात कंबरेच्या चकतीतला दाब सुई घालून प्रत्यक्ष मोजला. उभं असतानाचा दाब 100 धरला, तर पाठीला टेका न घेता ताठ बसल्यावर तो 140च्या आसपास जातो, असं त्यांच्या मोजमापांतून दिसलं. म्हणजे बसणं ही कंबरेला विश्रांती वाटत असली, तरी टेक्याशिवाय ती विश्रांती नसते. पाठ मागे झुकली आणि तिला नीट आधार मिळाला, की धडाचा बराचसा भार पाठटेक्यावर जातो आणि चकतीवरचा दाब उतरतो. पाय वर आल्याने पोटऱ्यांतलं रक्त परत फिरायलाही मदत होते.

रिक्लायनर एवढंच करतो: कोन बदलतो आणि प्रत्येक कोनात आधार देतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मनरो या गावी एडवर्ड नाबुश आणि एडविन शूमेकर या चुलतभावांनी 1928 साली व्हरांड्यात ठेवायची एक लाकडी पट्ट्यांची खुर्ची बनवली. बसणाऱ्याच्या अंगाबरोबर ती मागे झुकत असे. पुढे तिच्यावर गादी आणि कापड चढलं आणि त्यातून ‘लेझी-बॉय’ ही कंपनी उभी राहिली. त्या मूळ खुर्चीत चामडंही नव्हतं आणि मोटरही नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट मनाशी पक्की धरावी. कोन आणि आधार तुमच्या अंगाला जुळतो की नाही, याचा किमतीशी थेट संबंध नाही. बैठक खोल असेल, तर पाच फूट उंचीच्या आजींची कंबर पाठटेक्यापर्यंत पोहोचतच नाही, मग खुर्ची 96 हजारांची का असेना. गुडघ्यामागची पोकळी बैठकीच्या कडेपासून दोन-तीन बोटं पुढे राहावी, कंबरेच्या खळग्यात उशीचा फुगवटा यावा आणि डोकं टेकल्यावर हनुवटी छातीकडे ढकलली जाऊ नये. हे तिन्ही जमत असेल तरच पुढच्या तपासणीकडे वळावं.

चामड्याचे थर

किमतीतला सर्वांत मोठा फरक बहुधा आवरणात असतो, आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच.

मोठ्या जनावराचं कातडं काही मिलिमीटर जाड असतं. सोफ्याला मात्र साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं चामडं लागतं. म्हणून यंत्राच्या पात्याने कातडं आडवं चिरून त्याचे थर वेगळे करतात. केसांची छिद्रं असलेला वरचा थर म्हणजे ‘टॉप ग्रेन’. त्याच्या पृष्ठभागाशी बारीक तंतूंची घट्ट वीण असते. खालचा थर म्हणजे ‘स्प्लिट’. त्याला ही वरची वीण नसते. त्यावर पॉलियुरेथेनचा किंवा रंगाचा जाड थर चढवतात आणि साच्याने दाबून चामड्याचे दाणे उमटवतात. जनावर एकच, पण एका थराचं मोल दुसऱ्याच्या कितीतरी पट.

वरच्या थरातही प्रती आहेत. कीटकांचे चावे, काट्यांचे ओरखडे, जखमांचे व्रण असं काहीच ज्यावर फारसं नाही, असं कातडं थोडंच मिळतं. ते न घासता, हलका रंग देऊन वापरलं की ‘फुल ग्रेन’ म्हणून सर्वांत महाग विकलं जातं. डाग असलेलं कातडं घासून सपाट करतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि दाणा छापतात. याला ‘करेक्टेड ग्रेन’ म्हणतात. बहुतेक घरांतले चांगले लेदर सोफे याच जातीचे असतात.

त्याखालच्या पायरीवर ‘बाँडेड लेदर’ येतं. चामड्याचे कापताना उरलेले तुकडे दळून, चिकट द्रव्यात कालवून कापडाच्या पाठीवर पसरवतात आणि वर पॉलियुरेथेनचा थर देतात. यात चामड्याचा अंश बऱ्याचदा फार थोडा असतो. शेवटी येतं ‘पीयू लेदर’ किंवा ‘लेदरेट’: कापडावर चढवलेला प्लास्टिकचा थर, चामड्याचा त्यात कणही नाही. पीव्हीसीचं रेक्झिन त्याच कुळातलं.

कोल्हापुरी चपलेचं चामडं राठ, टणक असतं आणि सोफ्याचं मऊ, लवचीक. याचं कारण कमावण्याच्या पद्धतीत आहे. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावतात. सोफ्याचं चामडं बहुतांशी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. क्रोमियम तंतूंना एकमेकांशी बांधतं, पण त्यांची लवचीकता टिकवतं. शिवणीभोवती ओढून, दुमडून बसवायला असंच चामडं लागतं.

चामडं कोणत्या जनावराचं आहे, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. भारतात म्हशीचं चामडं भरपूर तयार होतं. त्याचा दाणा जरा मोठा असतो. गाईबैलांचं चामडं बऱ्याचदा परदेशातून येतं. ज्यांना चामडं घरात नको असेल, त्यांनी संकोच न करता तसं सांगावं आणि चांगल्या विणीचं कापड निवडावं. खुर्चीच्या आरामात त्याने तसूभरही उणेपणा येत नाही.

खरं चामडं किती आणि कुठे?

दोन खुर्च्या दिसायला सारख्या आणि किमतीत दूर, याचं एक मोठं कारण म्हणजे ‘लेदर मॅच’. जिथे अंग टेकतं तिथे, म्हणजे बैठक, पाठीची पुढची बाजू, डोक्याचा भाग आणि हातांचा वरचा भाग इथे खरं चामडं असतं. बाहेरच्या बाजू आणि पाठीमागचा भाग त्याच रंगाच्या रेक्झिनचा किंवा पीयूचा असतो. दुकानातल्या उजेडात हा सांधा ओळखू येत नाही.

यात किती चामडं वाचतं ते पाहू. एका रिक्लायनरला सात वार कापड लागतं असं धरा. कापड सरळ काटकोनात कापता येतं. चामडं वेड्यावाकड्या आकाराचं असतं आणि त्यातले डाग चुकवावे लागतात, म्हणून एका वाराऐवजी अठरा चौरस फूट चामडं धरण्याची या धंद्यात पद्धत आहे. म्हणजे सुमारे 126 चौरस फूट. मोठ्या बैलाचं एक कातडं पन्नासेक चौरस फुटांचं भरतं, तर अशी अडीच कातडी झाली. बाहेरच्या बाजूंना रेक्झिन लावलं की त्यातला मोठा हिस्सा वाचतो.

यात फसवणूक असतेच असं नाही. मागच्या बाजूला कोणी बसत नाही, तेव्हा तिथे रेक्झिन असणं हा शहाणपणाचा व्यवहार होऊ शकतो. अट एवढीच, की ते ग्राहकाला सांगितलेलं असावं आणि किंमत त्याप्रमाणे कमी असावी. ‘जेन्युइन लेदर’ या चिठ्ठीवर थांबू नये. कोणत्या भागाला कोणतं चामडं आणि कोणत्या भागाला काय, हे बिलावर लिहून घ्यावं. ‘इटालियन लेदर’ म्हटलं की चामडं इटलीत कमावलेलं आहे, की फक्त रंगछटेचं नाव तसं आहे, हेही विचारावं.

ओळखायची साधी खूण म्हणजे कापलेली कड. विक्रेत्याकडे नमुन्याचे तुकडे असतात. खऱ्या चामड्याच्या कडेला आणि मागच्या बाजूला तंतू दिसतात, मागची बाजू मखमलीसारखी लागते. पीयू आणि बाँडेडच्या मागे बहुधा विणलेलं कापड असतं. बोटाने दाबल्यावर खऱ्या चामड्यावर बोटाभोवती बारीक, अनियमित सुरकुत्या उमटतात.

फोम: वजन वेगळं, कडकपणा वेगळा

आवरणाखाली असतो पॉलियुरेथेनचा फोम. पॉलियुरेथेनचं रसायन जर्मनीतल्या ओटो बायर यांनी 1937 साली शोधलं. दोन द्रव एकत्र आले की ते फुगतात. त्यातल्या पाण्याच्या अंशामुळे कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्याचे बुडबुडे अडकतात आणि जाळीदार, मऊ लादी बनते. या लादीत प्लास्टिक किती आणि हवा किती, यावर तिचं आयुष्य ठरतं.

दुकानात ‘32 डेन्सिटी’, ‘40 डेन्सिटी’ असे आकडे ऐकू येतात. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, हे हा आकडा सांगतो. 55 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि 12 सेंटिमीटर जाड बैठक घेतली, तर 20 डेन्सिटीच्या फोमचं वजन भरेल सुमारे 730 ग्रॅम आणि 40 डेन्सिटीचं सुमारे 1,450 ग्रॅम. दोन्ही बैठका बाहेरून सारख्याच उंच दिसतील. पण रोज तेच माणूस, तेच वजन घेऊन बसलं की कमी वजनाच्या फोममधल्या बारीक भिंती आधी मोडतात. मग मधोमध खड्डा पडतो, अंग खाली जातं आणि हातांची उंची अचानक जास्त वाटू लागते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. कडक फोम म्हणजे टिकाऊ फोम, असं आपण धरून चालतो. कडकपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रसायनांचं प्रमाण बदलून हलका फोमही कडक करता येतो आणि जड फोमही मऊ. दुकानात बसल्यावर आपल्याला फक्त कडकपणा कळतो. टिकाऊपणा घनतेवर असतो, आणि तो बसून कळत नाही. त्यातही खडूसारखी भुकटी मिसळून फोमचं वजन वाढवता येतं. असा फोम आकड्यात जड भरतो, पण लवकर बसतो आणि त्यातून पीठ गळू लागतं.

‘एचआर’ म्हणजे हाय रेझिलियन्स फोम. दाब काढल्यावर झटकन मूळ आकार घेण्याची त्याची ताकद जास्त असते. प्रयोगशाळेत ठरावीक उंचीवरून पोलादी गोळी फोमवर टाकतात आणि ती किती वर उसळते ते मोजतात. चांगल्या एचआर फोमवर ती साधारण 60 टक्के उंचीपर्यंत परत येते, साध्या फोमवर बरीच कमी. रोज तीन-चार तास वापराच्या बैठकीत 40 डेन्सिटीचा एचआर फोम असणं ही खर्च करण्याजोगी गोष्ट आहे. पाठीला आणि हातांना कमी घनतेचा फोम चालतो, कारण तिथे भार कमी येतो. स्वस्त खुर्चीत बऱ्याचदा बैठकीच्या हलक्या फोमवर पॉलिएस्टर फायबरचा जाड थर पसरलेला असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी ती जास्त मऊ, जास्त आरामदायी वाटते. हा थर काही महिन्यांत चेपतो.

सांगाडा आणि स्प्रिंग

फोमखाली स्प्रिंग असतात. नागमोडी वळणाच्या तारेच्या, समोरून मागे ताणलेल्या झिगझॅग स्प्रिंग सर्वांत प्रचलित आहेत. तार जाड आणि ओळी जवळजवळ असतील तर भार नीट वाटला जातो. महाग खुर्चीत कापडी पिशवीत बंद केलेल्या पॉकेट स्प्रिंग आढळतात. स्वस्तात नुसते इलॅस्टिकचे पट्टे असतात. हे पट्टे उन्हाळ्याच्या उष्णतेत ढिले पडत जातात.

स्प्रिंग ज्याला अडकवलेल्या, तो सांगाडा. रिक्लायनरच्या सांगाड्यावर साध्या सोफ्यापेक्षा जास्त ताण येतो, कारण इथे भार सतत जागा बदलतो. सरळ बसल्यावर तो बैठकीवर असतो, रेलल्यावर पाठीच्या बिजागऱ्यांवर जातो आणि उठताना हातांवर. नीट वाळवलेलं टणक लाकूड किंवा जाड प्लाय स्क्रू घट्ट धरून ठेवतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या चुऱ्याची दाबलेली पाटी. स्क्रूभोवतीचा चुरा एकदा मोकळा झाला की तो पुन्हा धरत नाही. यंत्रणा ज्या बाजूच्या फळीला बोल्टने जोडलेली असते, ती फळी पार्टिकल बोर्डची असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही खुर्ची दोन-तीन वर्षांत एका बाजूला कलू लागते.

हे तपासता येतं. खुर्ची हलक्या हाताने पुढे झुकवून खालची बाजू पाहावी. तिथे काळं पातळ कापड ताणलेलं असतं. त्याला बहुधा चेन किंवा वेल्क्रो असतं, तिथून आत पाहू देण्याची विनंती करावी. कोपऱ्यात तिरके ठोकळे स्क्रूने आणि गोंदाने बसवलेले आहेत, की नुसत्या पिना ठोकल्या आहेत? लाकडाची कड दिसते की चुऱ्याची? ज्या दुकानदाराला मालाची खात्री असते, तो हे दाखवायला सहसा नकार देत नाही.

यंत्रणा: पट्ट्या आणि रिव्हेट

खुर्ची मागे जाते आणि फूटरेस्ट वर येते, ही हालचाल करणारी यंत्रणा म्हणजे पोलादी पट्ट्यांची जोडणी. मुंबईतल्या जुन्या इमारतींतल्या लिफ्टचा सरकता जाळीचा दरवाजा आठवा. तिरक्या पट्ट्या एकमेकींना रिव्हेटने जोडलेल्या असतात. एक पट्टी ढकलली की सगळ्या मिळून उघडतात आणि ओढली की सगळ्या मिटतात. रिव्हेट झिजलेला दरवाजा खडखडतो, वाकडा चालतो आणि मध्येच अडकतो. रिक्लायनरच्या दोन्ही बाजूंना अशाच पट्ट्या असतात, आणि त्यांचं आयुष्य रिव्हेटच्या भोकांवर अवलंबून असतं.

चांगल्या यंत्रणेत पट्ट्या जाड असतात आणि प्रत्येक सांध्यात नायलॉनची किंवा तत्सम चकती असते, म्हणजे लोखंड लोखंडावर घासत नाही. डावी आणि उजवी बाजू मजबूत दांड्याने जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी उघडतात. स्वस्त यंत्रणेत पट्टी पातळ, चकती नाही आणि जोडदांडा बारीक. नवेपणी दोन्ही सारख्याच चालतात. दिवसातून चार वेळा उघडझाप धरली तर वर्षाला 1,460 वेळा आणि दहा वर्षांत 14,600 वेळा ते सांधे फिरतात. भोक झिजून थोडं मोठं झालं की पट्टी डगमगते, डगमगली की आणखी झिजते.

फूटरेस्टवर भार किती येतो? दोन्ही पोटऱ्या आणि पावलं मिळून शरीराच्या वजनाचा साधारण आठवा भाग असतो. 80 किलोच्या माणसाचे सुमारे 10 किलो. यंत्रणा तेवढ्यासाठी घडवलेली असते. पण उघड्या फूटरेस्टवर नातवंड येऊन बसलं की टोकाला 20–25 किलो पडतात, आणि लांब पट्टीच्या टोकावरचा भार सांध्यावर कितीतरी पट ताण देतो. रिक्लायनर लवकर बिघडण्याचं हे घरोघरचं कारण आहे.

लहान घरांसाठी आणखी एक फरक मोलाचा. साधा रिक्लायनर मागे झुकताना पाठीला मोकळी जागा लागते, ती फूटभर किंवा त्याहून जास्त असू शकते. ‘वॉल हगर’ यंत्रणेत पाठ मागे झुकताना बैठकच पुढे सरकते, त्यामुळे भिंतीपासून चार-सहा इंच पुरतात. त्यासाठी जास्त पट्ट्या आणि सरकती पट्टी लागते, म्हणून ती महाग असते. दहा बाय बाराच्या खोलीत हा खर्च सार्थकी लागतो.

मोटर, वीज आणि सुरक्षितता

मोटरच्या रिक्लायनरमध्ये एक लांब स्क्रू आणि त्यावर चालणारी नट असते. मोटर स्क्रू फिरवते, नट पुढे सरकते आणि पट्ट्यांना ढकलते. घरातली 230 व्होल्टची वीज छोट्या अडॅप्टरमधून 24 ते 29 व्होल्टच्या आसपास उतरवलेली असते, त्यामुळे खुर्चीपर्यंत येणारी वीज सौम्य असते. एकच मोटर असेल तर पाय आणि पाठ ठरलेल्या क्रमाने हलतात. दोन असतील तर पाय वर घेऊन पाठ सरळ ठेवता येते, वाचायला किंवा जेवायला ते सोयीचं. किमतीतला काही फरक या दुसऱ्या मोटरचा असतो.

या मोटरी सलग चालण्यासाठी बनवलेल्या नसतात. दोन मिनिटं चालवली तर अठरा मिनिटं विश्रांती, असं प्रमाण त्यांवर बऱ्याचदा छापलेलं असतं. मुलांनी कळ दाबून खेळण्याने त्या तापतात. वीज जाते तेव्हा काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारायलाच हवा. रेललेल्या अवस्थेत वीज गेली आणि आजोबांना एकट्याने उठता आलं नाही, तर ती गंभीर अडचण आहे. बॅटरीचा बॅकअप मिळतो का, हे आधी पाहावं.

आणि एक कळकळीची विनंती. फूटरेस्ट आणि बैठक यांच्यामधल्या फटीत लहान मुलाचा हात, डोकं किंवा घरातलं मांजर अडकू शकतं. मिटवण्याआधी खाली पाहण्याची सवय सगळ्यांना लावावी. अडथळा लागताच थांबणारी मोटर असेल तर ती निवडावी. घरात रांगतं मूल असेल, तर वापर झाल्यावर प्लग काढून ठेवावा.

आपली हवा, आपलं तेल

खुर्ची कुठे राहणार आहे, यावरही कोणती घ्यावी ते ठरतं. पॉलियुरेथेनच्या काही जातींत हवेतली वाफ रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते आणि उष्णता तो वेग वाढवते. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पीयू आणि बाँडेड लेदरचे पापुद्रे सुटतात त्याचं कारण हे आहे. खुर्ची वापरली नाही तरी ते सुटतात, आणि एकदा सुटू लागले की दुरुस्ती नाही. खरं चामडं असं सोलत नाही, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. ओल्या भिंतीपासून ते लांब ठेवावं, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि कोरड्या मऊ फडक्याने नियमित पुसावं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात उलट भीती असते. खिडकीतलं थेट ऊन चामडं सुकवतं आणि त्याला भेगा पाडतं.

डोक्याला तेल लावणाऱ्या घरांत महाग फुल ग्रेन चामडं अडचणीचं ठरतं. त्यावर रंगाचा जाड थर नसल्याने तेल आत शोषलं जातं आणि डाग कायमचा बसतो. अशा घरात करेक्टेड ग्रेन जास्त सोयीचं, कारण ते पुसता येतं. तरी डोक्याच्या जागी सुती कापड घालणं चांगलं.

किमतीचा हिशेब

आता 32 हजार आणि 96 हजार पुन्हा शेजारी ठेवू. पहिली खुर्ची चार वर्षं चालली, तर वर्षाला 8 हजार रुपये पडले. दुसरी बारा वर्षं चालली, तरी वर्षाला 8 हजारच. म्हणजे तिप्पट किंमत रास्त ठरण्यासाठी ती खुर्ची तिप्पट चालायला हवी, आणि ती तशी चालेल की नाही, हे फोम, सांगाडा आणि यंत्रणा यांवरून ठरतं. तिथे फरक नसेल आणि केवळ चामड्याची प्रत, आयातीचा खर्च किंवा नाव यांमुळे किंमत चढली असेल, तर जास्त पैसे दिसण्यासाठी मोजले जात आहेत. ते मोजण्यात काही वावगं नाही, फक्त ते कळून मोजलेले असावेत.

हमीपत्र इथे उपयोगी पडतं. ‘पाच वर्षांची वॉरंटी’ या एका ओळीवर समाधान मानू नये. सांगाडा, यंत्रणा, मोटर, फोम आणि आवरण यांची मुदत वेगवेगळी लिहिलेली असावी. बनवणाऱ्याचा स्वतःचा विश्वास कोणत्या भागावर किती आहे, ते त्यात उघड दिसतं. बिघडलेला सुटा भाग बदलून मिळेल का, हेही विचारावं. फोम आपल्या गावातला सोफ्याचा कारागीर बदलून देतो, आवरणही नवं चढवतो. यंत्रणेचा सुटा भाग मिळाला नाही, तर मात्र अख्खी खुर्ची निकामी होते.

थोडक्यात: दुकानात काय पाहावं

• किमान पंधरा मिनिटं बसा. सरळ, अर्धं रेलून आणि पूर्ण रेलून, तिन्ही स्थितींत कंबर आणि मान तपासा.
• चामडं कोणत्या थराचं आणि कोणत्या भागांना, ते बिलावर लिहून घ्या. नमुन्याची कापलेली कड पाहा.
• बैठकीच्या फोमची घनता आणि प्रकार लेखी मागा. रोजच्या वापराला 40 डेन्सिटीचा एचआर फोम चांगला.
• खालून पाहा: बाजूची फळी लाकूड किंवा प्लाय आहे की पार्टिकल बोर्ड?
• फूटरेस्ट उघडून आडवी हलवा. नवीन खुर्चीतच ती डगमगत असेल, तर सोडून द्या.
• मोटर असेल तर वीज गेल्यावर उठता कसं येईल, हे विचारा.
• घरातली जागा मोजून जा: खुर्ची पूर्ण उघडल्यावरची लांबी धरा.
• प्रत्येक भागाची हमी वेगळी लिहून घ्या.

पैसे आधी कुठे घालावेत?

बहुतेक कुटुंबांना 32 आणि 96 हजार यांच्यामध्ये कुठेतरी थांबायचं असतं, आणि तिथे निवड करावी लागते. अशा वेळी खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी यंत्रणा आणि सांगाडा, मग बैठकीचा फोम, त्यानंतर मोटर आणि शेवटी आवरण. कारण आवरण आणि फोम पुढे बदलता येतात, सांगाडा बदलता येत नाही. मजबूत सांगाड्यावर चांगलं कापड चढवलेला रिक्लायनर, हलक्या सांगाड्यावर बाँडेड लेदर चढवलेल्या रिक्लायनरपेक्षा जास्त काळ सुख देतो, आणि बऱ्याचदा त्याची किंमतही फार वेगळी नसते. दुकान मात्र आपल्याला उलट क्रमाने विचार करायला लावतं, कारण तिथे आवरणच समोर असतं. घरातल्या थकलेल्या माणसाच्या पाठीसाठी ही खुर्ची घेतली जाते. तिच्या खालचं काळं कापड उघडून आत पाहायला पाच मिनिटं लागतात. दुकानदाराला तसं सांगताना संकोच बाळगू नये.